हौशी छायाचित्रकाराचा फाल्गुन

पंचांगाप्रमाणें चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने. परंतु झाडें पंचांग पाहून फुलत नाहींत. पुण्यांत माघ सरतां सरतां पहांटेचा गारठा कमी होऊं लागतो, तोंच टेकड्यांवर गिरिपुष्पाला फिकट गुलाबी झुबके लागतात, पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांच्या टोंकांना तांबड्या चोंची फुटतात, कांटेसावरीचीं जाड पाकळ्यांचीं फुलें थपाथप खालीं पडूं लागतात, आणि फाल्गुन अर्धा सरला नाहीं तोंच पळस पेटतो. याच दिवसांत शाळेंत वार्षिक परीक्षेची चाहूल लागलेली असते. मुलें पुस्तकांत डोकें खुपसून बसतात आणि वर्षांतील सर्वांत देखणे चार आठवडे खिडकीबाहेरून निघून जातात.

छायाचित्रणाची हौस असलेल्या चार-सहा मुलांना बरोबर घेऊन मी सुटीच्या सकाळीं टेकड्या व पेठा हिंडत असतों, हें पालकांना ठाऊक आहे. त्यामुळें वर्षांतून निदान दहा वेळां तरी मला एक प्रश्न येतो : “सर, मुलाला कोणता कॅमेरा घेऊन द्यावा ?” माझें उत्तर ठरलेलें असतें. घरांत मोबाईल असेल तर पहिलें वर्ष तेवढ्यावर सुखानें निघतें. हें ऐकून कांहींची निराशा होते, कांहींना हायसें वाटतें. पण या उत्तरामागें एक कारण आहे व तेंच या लेखांत समजावून सांगावयाचें आहे. डोळा पाहतो तसें कॅमेरा पाहत नाहीं. हा भेद नेमका कोठें आहे हें ज्याला उमगलें, त्याच्या हातीं साधा मोबाईलही काम देतो. ज्याला उमगलें नाहीं, त्याच्या हातीं लाखाचें यंत्र दिलें तरी पळसाच्या जागीं नुसता तांबडा डाग उमटतो.

पहिला भेद उजेडाचा. आपला डोळा एका दृष्टिक्षेपांत सारें कांहीं पाहतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो सारखा फिरत असतो. वडाखालच्या अंधारांतून नजर उन्हांतल्या रस्त्यावर गेली कीं बाहुली आकुंचन पावते, सावलींत परत आली कीं विस्तारते, आणि अशा तुकड्या-तुकड्यांतून मेंदू एक सलग दृश्य जुळवितो. कॅमेऱ्याला ही सवड नसते. त्याच्या भिंगांतून येणारा प्रकाश त्या एका क्षणापुरता एकाच मापानें घेतला जातो. रस्ता नीट यावा असें माप धरलें तर वडाखालचा माणूस काळा होतो. माणूस नीट यावा असें धरलें तर रस्ता चुन्यासारखा पांढरा होतो. हल्लींचे मोबाईल एकामागून एक अनेक चित्रें झपाट्यानें घेऊन तीं एकांत एक मिसळतात व डोळ्याची थोडीबहुत नक्कल करितात. तरी फाल्गुनांतल्या दुपारपुढें त्यांचेंही फारसें चालत नाहीं.

याचें कारण भूगोलाच्या तासाला सांगतां येण्याजोगें आहे. पुणें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १८.५ अंशांवर आहे. डिसेंबरच्या २२ तारखेस मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४८ अंश वर असतो. मार्चच्या २१ तारखेस तोच सुमारें ७१.५ अंश वर चढतो. (ही मध्यान्ह घड्याळांत बारा वाजतां होत नाहीं, १२ वाजून सुमारें ४० मिनिटांनीं होते, कारण आपलीं घड्याळें पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडील ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवितात.) त्या वेळीं पटांगणावर उभ्या असलेल्या ५ फूट उंचीच्या मुलाची सावली अवघी २० इंच पडते. उजेड असा डोक्यावरून सरळ कोसळूं लागला म्हणजे माणसांच्या भुंवयांखालीं काळे खड्डे पडतात, झाडांचे आकार चपटे होतात, आणि फुलाच्या पाकळीवरील बारीक शिरा, ज्या तिरप्या उजेडांतच दिसतात, त्या नाहींशा होतात.

मुलांना मी यासाठीं एक सोपें माप दिलें आहे. आपली सावली आपल्या उंचीएवढी झाली म्हणजे सूर्य ४५ अंशांवर आला असें समजावें. मार्चच्या २१ तारखेस पुण्यांत ही वेळ सकाळीं दहाच्या किंचित् आधीं येते. सूर्य त्या दिवशीं साडेसहा वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे टेकडीवरच्या कामाला जेमतेम तीन तास मिळतात, आणि त्यांतील पहिला तास सर्वांत मोलाचा. सावली उंचीहून आंखूड होऊं लागली कीं आम्ही टेकडी सोडतों व शहरांत उतरतों. तेथें बोळ आहेत, ओसऱ्या आहेत, दारांतून आंत येणारा मऊ उजेड आहे. शहरांतलें चित्र दुपारीं बाराला सुद्धां मिळतें. मात्र तें उन्हांत शोधूं नये.

दुसरा भेद रंगाचा. फाल्गुनाचा रंग तांबडा, आणि तांबडा रंग हा छायाचित्रणाचा फार जुना वैरी आहे. फ्रान्समध्यें दागेर याची कृति १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळांत होते. १८५६ पासून १८५८ पर्यंत तर हौशी लोकांच्या छायाचित्रांचा एक संग्रहच मुंबईंतून मासिक अंकांच्या रूपानें निघत असे. म्हणजे ही हौस आपल्या प्रांतांत काल-परवां आलेली नाहीं. त्या लोकांचें काम मात्र कष्टाचें होतें. कांचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षारांत बुडवावयाची, ओली आहे तोंवर कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि ती वाळण्यापूर्वीं अंधारांत धुवावयाची. त्यामुळें टेकडीवर जावयाचें तर अंधाराचा तंबूही बरोबर न्यावा लागे.

आणि इतकें करूनही त्या कांचेला तांबडें दिसत नसे. ती निळा व जांभळा प्रकाश तेवढा ओळखी. सबब जुन्या चित्रांत आकाश नेहमीं कोरें पांढरें असतें व लाल पागोटें काळें दिसतें. त्या काळीं पुण्याच्या परिसरांत कोणी फुललेल्या पळसाचें चित्र घेतलें असतें तर त्याला पांढऱ्या आकाशावर काळ्या फुलांचें झाड मिळालें असतें. १८७३ सालीं बर्लिनचे प्राध्यापक फोगेल यांना असें आढळलें कीं रुप्याच्या क्षारांत विशिष्ट रंग मिसळले असतां त्यांना हिरवा प्रकाशही जाणवूं लागतो. तेथून पुढें हळूहळू, विसाव्या शतकाच्या आरंभीं, तांबड्यासकट सर्व रंग जाणणाऱ्या कांचा बाजारांत आल्या. आणि १९०७ सालीं ल्युमिएर बंधूंनीं बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण तीन रंगांत रंगवून कांचेवर पसरले व रंगीत छायाचित्रण हौशी माणसाच्या आटोक्यांत आणलें. चित्रपटांत फोटो धुण्याच्या खोलींत तांबडा दिवा लावलेला मुलांनीं पाहिला असेल. त्याचें मर्म हेंच. छपाईच्या कागदाला तांबडा प्रकाश कळत नाहीं, म्हणून त्याच्यासमोर तो खुशाल लावतां येतो.

आतां कोणी म्हणेल, हे सारे जुने दिवस गेले. आज मोबाईलला सर्व रंग दिसतात. दिसतात खरे. पण पळसापुढें त्याचीही त्रेधा उडते, आणि ती कां उडते हें मोठें मौजेचें आहे.

पळसाचें एक फूल आधीं हातांत घ्यावें. खालचा पेला काळपट, मखमलीसारखा. पाकळ्या पांच, त्यांतील एक पोपटाच्या चोंचीसारखी वांकलेली असते. म्हणूनच संस्कृतांत याला किंशुक म्हणतात : हा पोपट तर नव्हे ? पाकळीवर रुपेरी लव असते, आणि शेंदरी रंगाच्या तीन-चार छटा एकाच फुलांत सांपडतात. पळसाला पानें तीनच ही म्हण आपण हेटाळणीनें वापरतों. पण फुलाच्या बाबतींत पळस असा कंजूष नाहीं. हें सारें डोळ्याला दिसतें. मोबाईलच्या चित्रांत मात्र एक चकचकीत नारिंगी गोळा उमटतो. लव नाहीं, शीर नाहीं, छटा नाहीं.

कॅमेऱ्याच्या आंत फिल्मच्या जागीं आतां सेन्सर नांवाची तबकडी असते. तिच्यावर लाखों सूक्ष्म पेशी असतात व प्रत्येक पेशीवर एका रंगाची गाळणी बसविलेली असते. नेहमींच्या मांडणींत दर ४ पेशींपैकीं २ हिरव्या, १ तांबडी व १ निळी. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांना या मांडणीचें पेटंट १९७६ सालीं मिळालें, आणि आज बहुतेक सगळे कॅमेरे तीच किंवा तिच्यावरून बेतलेली मांडणी वापरतात. मनुष्याची दृष्टि हिरव्या रंगाला सर्वांत तीक्ष्ण असते, म्हणून हिरव्यांची संख्या दुप्पट. उजेडाचें माप घेतांनाही यंत्र हिरव्याला अधिक वजन देतें. आतां समोर पळस आला. त्यांत हिरवें थोडें, निळें जवळजवळ नाहींच. तांबडें मात्र अपार. यंत्राला वाटतें, उजेड बेताचाच आहे. तें अधिक प्रकाश आंत घेतें. तोंवर तांबड्या पेशी कांठोकांठ भरून जातात. घागर भरल्यावर नळ चालू ठेवला तर वरचें पाणी वाहून जातें, तसा पुढचा सारा तांबडा प्रकाश वायां जातो. लवेचा उजेड, शिरेची सावली, गडद भाग, फिका भाग, सर्वांची नोंद एकच : घागर भरली.

उपाय कांहीं कठीण नाहीं. यंत्र मागतें त्याहून कमी प्रकाश त्याला द्यावा. बहुतेक मोबाईलवर फुलाच्या जागीं बोट ठेविलें कीं सूर्याचें लहान चिन्ह येतें. तें खालीं ओढीत जावें, आणि पाकळीवर शिरा दिसूं लागल्या म्हणजे थांबावें. चित्र पडद्यावर किंचित् काळसर वाटलें तरी घाबरूं नये. दुसरें असें कीं भर उन्हांतल्या फुलापेक्षां ढगाआडच्या उजेडांतलें किंवा झाडाच्या सावलीकडचें फूल निवडावें. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो. फुलाच्या पलीकडे सूर्य ठेवावा. पाठीमागून उजेड आला म्हणजे पाकळी दिव्याच्या कांचेप्रमाणें आंतून उजळते, आणि तिच्या कडेची लव रुप्याच्या तारेसारखी चमकते. सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर असें चित्र मिळवितांना आमच्या एका विद्यार्थ्यानें एकाच झाडाभोंवतीं पाऊण तास फेऱ्या घातल्या. शेवटीं त्याला हवें तें फूल जमिनीपासून हातभर उंचीच्या फांदीवर सांपडलें.

टेकडीवर गिरिपुष्प अधिक. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेंतील. आपल्या उजाड टेकड्यांवर तें मोठ्या प्रमाणावर लाविलें गेलें. त्याला उंदीरमारी असेंही म्हणतात व त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थही तसाच आहे. इतक्या नाजूक फुलांच्या झाडाला हें नांव ! त्याचीं फुलें फिकीं असल्यामुळें येथें अडचण उलट होते. कोवळ्या उन्हांत तीं पांढरीं पडतात. पिंपळाची नवी पालवी मात्र प्रत्येक मुलानें एकदां तरी सूर्याकडे तोंड करून पाहावी. दोन-तीन दिवसांच्या पानांत हिरवें थोडें व तांबूस रंगद्रव्य पुष्कळ असतें; उजेड त्यांतून आला म्हणजे सारें झाड नव्या तांब्याचें केल्यासारखें दिसतें. आठवड्याच्या आंत हा रंग जातो.

तांब्यावरून तांबट आठवला. टुक्, टुक्, टुक् असा एकसारखा, मिनिटाला शंभराहून अधिक ठोक्यांचा आवाज या दिवसांत शहराच्या कोणत्याही जुन्या झाडावरून येतो. पुष्कळांना तो ऐकून माहीत असतो. पक्षी पाहिलेले थोडे. चिमणीहून थोडा मोठा, गुबगुबीत, हिरवा. कपाळावर व गळ्यावर किरमिजी ठिपका, डोळ्याभोंवतीं पिवळें, आणि चोंचीभोंवतीं मिशा. ओरडतांना तो चोंच मिटूनच असतो. फुगतो तो गळा. शिवाय ओरडतां ओरडतां मान इकडे-तिकडे फिरवितो, त्यामुळें आवाज आतां या फांदीवरून तर आतां त्या फांदीवरून आल्याचा भास होतो, आणि शोधणारा चकतो. अशा वेळीं आवाजामागें धांवूं नये. झाडाचा शेंडा पाहावा. सकाळच्या पहिल्या उन्हांत तांबट उंच, निष्पर्ण काटकीवर अंग शेकीत बसतो. उंबराला किंवा वडाला फळें आलीं असतील तर तेथें तो येणार हें निश्चित.

त्याचें घरटें म्हणजे वाळक्या, मऊ फांदीला खालच्या अंगानें कोरलेलें रुपया-दोन रुपयांच्या नाण्याहून थोडें मोठें वाटोळें भोंक. खालीं जमिनीवर भुसा पडलेला दिसला तर वर पाहावें. साधारणपणें जानेवारीपासून जूनपर्यंत त्याचा संसार चालतो. नर व मादी दोघेंही अंडीं उबवितात. येथें आमचा एक नियम आहे व तो मोडणाऱ्यास पुढच्या फेरीला नेत नाहीं. घरट्याच्या झाडाखालीं घोळका करावयाचा नाहीं, फांदी वांकवावयाची नाहीं, आणि मोबाईलवर त्याचाच आवाज लावून त्याला बोलवावयाचें नाहीं. आपल्या हद्दींत दुसरा नर आला असें समजून तो अंडीं सोडून धांवत येतो, आणि आपल्याला एक चित्र मिळतें. त्या चित्राची किंमत त्यानें कां द्यावी ?

ज्याच्या आवाजावरून या पक्ष्याला नांव मिळालें तो खरा तांबट कसबा पेठेंतील तांबट आळींत भेटतो. दहा वाजून गेल्यावर आम्ही पुष्कळदां तेथें जातों. पेशवाईंत या धंद्याला चांगले दिवस होते. पाणी तापविण्याचे बंब, हंडे, घागरी, परातीं, तपेलीं अशीं भांडीं येथें घडत आलीं. यंत्रावर ठोकलेलीं भांडीं व स्टेनलेस स्टील घरोघर आल्यापासून या आळींतला ठोका विरळ झाला आहे, पण थांबलेला नाहीं. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं तर येथें अवश्य यावें. तांब्याचा पत्रा तापविला कीं मऊ होतो, ठोकला कीं कठीण होतो. म्हणून कारागीर तो पुनः पुनः तापवितो व ठोकतो. शेवटीं हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनीं भांड्याच्या अंगावर बारीक पैलू उठवितात. याला मठारकाम म्हणतात. त्यानें पत्रा घट्ट होतो व झळाळी येते.

पहिल्या दिवशीं दारांत उभें राहून आम्ही परवानगी मागितली. आंतले वृद्ध कारागीर म्हणाले, “काढा, सर, पण पोरांना सांगा, मला ‘इकडं बघा’ म्हणूं नका. नजर हलली कीं ठोका चुकतो.” छायाचित्रकाराला मिळालेला याहून चांगला सल्ला मला ठाऊक नाहीं.

येथें तिसरा भेद कळतो, तो काळाचा. डोळ्याला हातोड्याची हालचाल दिसते. कॅमेऱ्याला तिचा एक तुकडा तेवढा मिळतो, आणि तो किती लांबीचा हें आपण ठरवावयाचें असतें. एका मुलानें सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र घेतलें. त्यासाठीं त्याला सेन्सरची संवेदना पुष्कळ वाढवावी लागली व चित्रांत खरखर आली, पण हातोडा अगदीं स्पष्ट उमटला. मात्र तो हवेंत टांगून ठेविल्यासारखा दिसत होता. कारागीर काम करीत आहे कीं हात वर करून बसला आहे, हें समजेना. दुसऱ्यानें दाराच्या चौकटीला कॅमेरा टेकवून सेकंदाचा तिसावा भाग वापरला. भांडें स्थिर, चेहरा स्थिर, आणि हातोड्याच्या जागीं एक धूसर कमान. मुलांचीं मतें पडलीं; पहिलें चित्र अधिकांना पसंत पडलें. मला दुसरें आवडतें, कारण त्यांत ठोका ऐकूं येतो. तांब्याच्या झळाळीनें माप फसतें, हीही एक गोष्ट तेथेंच शिकण्यासारखी. भांड्याच्या प्रत्येक पैलूंत उघडें दार चमकतें. तेव्हां माप भांड्यावर न घेतां कारागिराच्या हातावर घ्यावें.

शहरांतील दुसरीं स्थळें मी भराभर सांगतों. होळीच्या सुमारास कांहीं ठिकाणीं पाडव्यासाठीं साखरेच्या गाठी ओततात. लांकडी साच्यांत दोरा घालून त्यावर पाक सोडतात, त्याची वाफ खिडकीच्या उजेडांत फार सुंदर दिसते. रंगपंचमीला कॅमेरा घरीं ठेवावा हें उत्तम. पूड एकदां भिंगाच्या कडेंत शिरली कीं निघत नाहीं. महात्मा फुले मंडई १८८६ सालची. तिच्या मधल्या मनोऱ्याखालीं उभें राहून वर पाहणारीं चित्रें हजारों निघालीं आहेत. आणखी एकाची गरज नाहीं.

मंडईंतलीं माणसें हा मात्र जपून हाताळण्याचा विषय आहे. एका मुलानें लिंबें विकणाऱ्या बाईंचें चित्र न विचारतां घेतलें. त्यांनीं झटकन् पदर तोंडावर ओढला. मीं त्याला मोबाईल खिशांत ठेवून त्यांच्याकडे जावयास सांगितलें. तो गेला, नमस्कार केला आणि म्हणाला, “मावशी, फोटो पुसून टाकला. चुकलं माझं.” मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आरं, विचारलं असतंस तर मी काय नको म्हटलं असतं ? रोज कुणी ना कुणी येतं नि तोंडाम्होरं धरतं. आमी काय दुकानात मांडल्यालो हाय का ?” मुलानें लिंबें घेतलीं. त्या दिवशीं चित्र कांहीं निघालें नाहीं.

डोळ्यानें पाहिलेलें आपल्यापाशीं राहतें, पण मोबाईलनें पाहिलेलें संध्याकाळच्या आंत शंभर घरीं पोंचूं शकतें. म्हणून डोळ्याला जी मोकळीक आहे ती कॅमेऱ्याला नाहीं. दुसऱ्याच्या मुलाचें चित्र त्याच्या आईबापांना विचारल्याखेरीज घेऊं नये. ज्याच्या दारिद्र्यामुळेंच आपल्याला तो चित्रासारखा वाटतो, त्याचें तर मुळींच घेऊं नये. ज्याचें चित्र घेतलें त्याला त्याची छापील प्रत नेऊन द्यावी. पालकांनीं कॅमेऱ्यापेक्षां या प्रतींसाठीं थोडे पैसे बाजूला ठेवावे, असें मी सुचवितों.

राहिली वहीची गोष्ट. प्रत्येक मुलानें एक साधी वही ठेवावी व दर चित्रामागें तारीख, वेळ, जागा, झाडाचें किंवा वस्तूचें नांव लिहावें. मोबाईल तारीख आपोआप नोंदवितो हें खरें. पण चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरूं लागलें कीं ती नोंद अनेकदां गळून पडते, आणि झाडाचें नांव तर तो कधींच नोंदवीत नाहीं. शिवाय एकच झाड ठरवून, त्याच जागेवरून, दर आठवड्यास एक चित्र घ्यावें. दोन-तीन वर्षांत बहर केव्हां आला, पानें केव्हां गळलीं, पालवी केव्हां फुटली, हें सारें डोळ्यांसमोर मांडतां येतें.

अशा वहीचा उपयोग आम्हांस अनपेक्षित रीतीनें झाला. शाळेपासून जवळच एका आवारांत जुना पांगारा आहे. त्याच्या एका वाळक्या फांदींत तांबटाचें भोंक होतें व दोन विद्यार्थिनी त्या फांदीचें चित्र दर शनिवारीं रस्त्यावरून घेत असत. एके वर्षीं मार्चमध्यें ती फांदी तोडावयाचें ठरलें. फांदी धोक्याची होती यांत शंका नाहीं. खालून लहान मुलें येत-जात. मुलींनीं आपली वही व छापलेलीं चित्रें घरमालकांपुढें ठेविलीं. गेल्या वर्षींच्या मार्चमध्यें पक्षी भुसा टाकीत असलेला, एप्रिलमध्यें चोंचींत फळ घेऊन भोंकापाशीं आलेला, मेच्या अखेरीस भोंक रिकामें. नुसतें “पक्षी आहे हो” असें म्हटलें असतें तर कोणी ऐकलें असतें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. तारखा पाहून गृहस्थ म्हणाले, “मग जूनपर्यंत थांबूं. तोंवर खालीं दोरी बांधतों.” पावसाळ्यापूर्वीं फांदी गेली. पिलें त्याआधीं उडालीं होतीं.

तांबट आळींतल्या वृद्ध कारागिरांना आम्ही प्रत नेऊन दिली ती पाडव्याच्या आदल्या दिवशीं. धूसर हातोड्याचीच. चष्मा पुसून त्यांनीं ती उजेडाकडे धरली व बराच वेळ पाहिली. पाठीमागें मुलानें वहींतून उतरून लिहिलें होतें : ‘तांब्याचा हंडा घडवितांना.’ “हंडा नव्हे, बाळ,” ते म्हणाले. “बंबाचं बूड आहे हें. हंड्याला इतका जाड पत्रा लावत नाहींत.” मुलानें तेथेंच उकिडवें बसून वही काढली, हंडा खोडला, आणि बूड म्हणजे नेमका कोणता भाग हें त्यांना विचारूं लागला.